हे नक्की कुठे म्हटलंय? सुविचारांचं मूळ शोधू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं होतं. मजकूर कमी पडला की पानाच्या तळाशी चौकट टाकायची आणि तिच्यात कुणा थोर माणसाचं वाक्य बसवायचं, ही स्मरणिकांची जुनी रीत. मी अशा अकरा चौकटी भरल्या. मलपृष्ठावर अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र छापलं. प्रकाशन झालं, पेढे वाटून झाले आणि आठवड्याभरात शाळेतल्याच एका निवृत्त बाईंचा फोन आला. आवाजात राग अजिबात नव्हता. "लिंकनचं ते पत्र कोणत्या खंडात आहे गं? मला मूळ इंग्रजीतून वाचायचंय."

ते पत्र कोणत्याच खंडात नाही, हे कळायला मला दोन महिने लागले. त्या नादात बाकीच्या चौकटीही तपासल्या. अकरापैकी चार टिकल्या.

"हे कुणी म्हटलंय?" असं विचारलं की लोक लगेच एक नाव सांगतात. "कुठे म्हटलंय?" असं विचारलं की गप्प होतात. खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

आधी हाताशी काय हवं

- एक वही किंवा एक्सेलची फाइल. रकाने चारच: वाक्य, कुठे दिसलं, कुणाच्या नावावर, सापडलेलं सर्वांत जुनं पान.
- इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयावर फुकटचं खातं. खातं नसेल तर तिथली बरीच पुस्तकं उघडत नाहीत.
- गूगल बुक्स आणि हाथीट्रस्ट. दोन्हीकडे पुस्तकांच्या आतला मजकूर शोधता येतो.
- क्वोट इन्व्हेस्टिगेटर आणि विकिक्वोट ही अवतरणांचं मूळ नोंदवणारी दोन संकेतस्थळं. इंग्रजी वाक्यांचं निम्मं काम इथेच उरकतं.
- जवळच्या मोठ्या वाचनालयाचं सभासदत्व. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर अशा जुन्या ठिकाणी गेलात तर उत्तमच.

पैसे फारसे लागत नाहीत, संध्याकाळी मात्र बऱ्याच जातात.

१. वाक्य दिसलं तसं उतरवून घ्या

सुधारू नका, शुद्धलेखनही नीट करू नका. फलकाचा फोटो काढा, फॉरवर्ड आला असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. नावाखाली ठिकाण, साल, भाषण असं काही लिहिलं असेल तर ते सोन्यासारखं जपा. खोटं पकडायला हाच तपशील सर्वांत उपयोगी पडतो. पुढची पायरी त्याचीच.

२. तारखा जुळतात का बघा

याला दहा मिनिटं पुरतात आणि बरीचशी वाक्यं इथेच गळतात.

बँकेत पासबुक भरून घेताना समोरच्या भिंतीवरची पाटी तुम्ही वाचली असेल. ग्राहक हा आमच्या आवारात येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आमच्यावर अवलंबून नाही, आम्हीच त्याच्यावर अवलंबून आहोत. खाली महात्मा गांधी. कुठे कुठे जोडीला 'दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०' असंही असतं. आता गांधींचं चरित्र उघडा. १८८८ ते १८९१ ते लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत पोचले ते १८९३ मध्ये. पाटी इथेच पडली. मग ते वाक्य आलं कुठून, हे तिसऱ्या पायरीत.

दुसरा मासला मेकॉलेचा, भारतात इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा. "मी भारत उभा-आडवा फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही" असं सुरू होणारं लांबलचक भाषण आणि खाली 'ब्रिटिश संसद, २ फेब्रुवारी १८३५'. त्या दिवशी मेकॉले संसदेत नव्हता, कलकत्त्यात होता. १८३४ मध्ये तो भारतात आला आणि १८३८ मध्ये परत गेला. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख खरी आहे, पण ती त्याच्या शिक्षणविषयक टिपणीची. कुणीतरी खऱ्या तारखेला खोटं भाषण डकवलं. ब्रिटिश संसदेतल्या चर्चांचे जुने वृत्तान्त हॅन्सार्ड या नावाने ऑनलाइन आहेत, तेव्हा संसदेतलं म्हणून काही आलं तर थेट तिथे जा. जाता जाता एक सांगते. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, असं मेकॉलेने त्या खऱ्या टिपणीत लिहून ठेवलंय. त्याच्यावर रागवायला एवढं पुरेसं आहे, त्यासाठी बनावट भाषणाची गरज नाही.

आपल्याकडच्या फॉरवर्डांना तर ही चाळणी फारच छान लागू पडते. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, व. पु. काळे २००१ साली. व्हॉट्सॲप २००९ चं. त्यांच्या नावाने आलेल्या लेखात ब्लू टिक किंवा सेल्फी आली की चहा ठेवायला उठावं.

३. नाव झाका, शब्द शोधा

नवखी माणसं हमखास इथे चुकतात. शोधपट्टीत वाक्यासोबत 'गांधी' असं टाकलं की गांधींच्या नावाने ते वाक्य छापणारी हजार पानं येतात आणि आपल्याला वाटतं, एवढे लोक म्हणतायत म्हणजे असणारच. ती सगळी पानं एकमेकांवरून उतरवलेली असतात. नाव काढा.

वाक्य मराठीत असलं तरी मूळ बहुधा इंग्रजी असतं. त्याचे इंग्रजीत दोन-तीन वेगवेगळे तर्जुमे करा आणि प्रत्येकातले तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगल बुक्सवर शोधा. सबंध वाक्य टाकू नका, कारण मधला एक शब्द वेगळा निघाला तरी हाती शून्य येतं. मग कालमर्यादा लावा: आधी १९८० पूर्वीचं, मग १९६० पूर्वीचं, मग आणखी मागे. पाटीतलं ग्राहकाचं वाक्य असं मागे नेत गेलं की १९४१ मध्ये थांबतं. 'प्रिंटर्स इंक' हे अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायाचं नियतकालिक होतं, त्यात स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्री विभागाचे प्रमुख केनेथ एलियट यांच्या नावावर ते येतं. अमेरिकेतल्या मोटारविक्याचं बोलणं आपल्या बँकेत खादी नेसून बसलंय.

शब्दांनी दाद दिली नाही तर सांगाडा शोधा. "आधी ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात आणि मग तुम्ही जिंकता" हेही गांधींच्याच खात्यावर आहे. याच्या चार टप्प्यांचा सांगाडा घेऊन मागे गेलं की १९१८ साली बाल्टिमोरमध्ये भरलेलं कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेचं अधिवेशन लागतं. तिथे निकोलस क्लाइन म्हणाले होते की आधी दुर्लक्ष करतात, मग टवाळी करतात, मग हल्ला करून जाळायला निघतात आणि शेवटी तुमची स्मारकं बांधतात. शेवटचा टप्पा अगदी वेगळा आहे. 'जिंकता' हा शब्द धरून बसलात तर हे कधीच सापडणार नाही. (मला स्मारकांचा शेवटच जास्त आवडतो.)

४. समग्र वाङ्मयात उतरा

समग्र वाङ्मय प्रसिद्ध झालेलं असेल तर ती चैन आहे. गांधींचे शंभर खंड गांधी हेरिटेज पोर्टलवर आहेत. डॉ. आंबेडकरांची भाषणं आणि लेखन महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः काढलं, तेही ऑनलाइन मिळतं. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय साहित्य आणि संस्कृती मंडळाचं आहे. "विद्येविना मती गेली" तपासायला मला पाच मिनिटं लागली. 'शेतकऱ्याचा असूड', १८८३, पुस्तकाच्या सुरुवातीलाच. माझ्या चार टिकलेल्या चौकटींतली ही एक.

लिंकनचं समग्र लेखन रॉय बासलर यांनी संपादित केलं आणि १९५३ मध्ये आठ खंडांत आलं. मिशिगन विद्यापीठाने ते सगळं शोधता येईल अशा रूपात फुकट ठेवलंय. शाळा, शिक्षक, मुलगा, पुस्तकं असे शब्द मी घालत राहिले. पत्र नाही. नंतरच्या पुरवणी खंडांतही नाही. आपल्याकडे मात्र ते वसंत बापटांच्या नावाच्या सुरेख मराठी अनुवादातून घराघरात, शाळाशाळांत पोचलंय. अनुवाद इतका चांगला आहे की मूळ पाहावं असं कुणाच्या मनातही येत नाही. इथे एक सावधगिरी घ्या. एका खंडात नाही म्हणून खोटं, अशी उडी मारू नका. पूरक खंड, पत्रसंग्रह, समकालीन वृत्तपत्रं बघा. पण आयुष्यातली लहानसहान चिठ्ठीसुद्धा ज्याच्या संपादकांनी सोडली नाही, त्याचं एवढं मोठं पत्र जर कुठेच नसेल, तर ते त्याचं आहे हे दाखवण्याची जबाबदारी छापणाऱ्याची. म्हणजे माझी होती.

समग्र वाङ्मयात कधी कधी वेगळीच गंमत हाती लागते. "जगात जो बदल पाहायचा आहे तो स्वतः व्हा" हे गांधींच्या खंडांत या शब्दांत मिळत नाही. त्याच्या जवळपास जाणारा एक उतारा मात्र आहे. 'इंडियन ओपिनियन' या गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या साप्ताहिकाच्या ऑगस्ट १९१३ च्या अंकात, आरोग्यावरच्या गुजराती लेखमालेत, तेही सर्पदंशाच्या प्रकरणात! आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील, माणूस आपला स्वभाव बदलतो तसा जगाचा त्याच्याकडे पाहण्याचा रोख बदलतो, असा त्याचा आशय. टी-शर्टावरचे सुटसुटीत शब्द अर्लीन लॉरन्स या अमेरिकन शिक्षिकेच्या १९७४ मधल्या लेखनाजवळ नेतात. अशा वेळी 'खोटं' असा शिक्का मारू नका, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. खंडक्रमांकाइतकीच मूळ तारीख टिपून ठेवा, कारण गांधी वाङ्मयाच्या छापील आणि नंतरच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीतले खंडक्रमांक जुळत नाहीत. एक पूर्ण संध्याकाळ मी चुकीच्या खंडात घालवली आहे.

फ्रेंच लेखक व्होल्टेअरची गोष्टही याच जातीची. "तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन" हे इव्हलिन बिअट्रिस हॉल या बाईंनी एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने १९०६ मध्ये लिहिलं. हेल्व्हेशियस या फ्रेंच विचारवंताचं पुस्तक जाळलं गेलं त्या प्रसंगी व्होल्टेअरची वृत्ती कशी होती हे सांगताना त्यांनी ते वाक्य रचलं आणि अवतरणचिन्हांत घातलं. वाचकांनी ती चिन्हं खरी धरली. चरित्रकाराचं वाक्य चरित्रनायकाच्या तोंडी जाणं, हा सापळा आपल्याकडच्या चरित्रांतही सर्रास आहे.

भाषांतरात क्रमही बदलतो. बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत दिलेल्या त्रिसूत्रीचा इंग्रजी क्रम 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ' असा आहे. आपल्या ओठांवर आहे 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. छापताना ज्या भाषेतलं उद्धृत करताय तिचा क्रम पाळा. हेच तीन शब्द १८८० च्या दशकात ब्रिटनमधल्या सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनच्या घोषणेतही होते. म्हणून नागपूरचं आवाहन बाबासाहेबांचं राहत नाही असं नाही, घोषणा हातोहात पुढे जातच असतात. तुमच्या नोंदीत दोन्ही तारखा असू द्या.

५. मराठी मजकूर असेल तर

इथे क्वोट इन्व्हेस्टिगेटर उपयोगाचं नाही, सगळं आपल्यालाच करायचं आहे.

पहिली अडचण शुद्धलेखनाची. आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत 'नाही' शोधलंत तर काही मिळणार नाही, तिथे 'नाहीं' आहे. 'ते' च्या जागी 'तें', 'काही' च्या जागी 'कांहीं', 'करिता' च्या जागी 'करितां'. प्रत्येक शोध दोनदा करायचा, एकदा नव्या लेखनाने आणि एकदा अनुस्वार देऊन. त्यातून स्कॅन केलेल्या देवनागरीत यंत्राला जोडाक्षरं नीट वाचता येत नाहीत. म्हणून जोडाक्षर नसलेला, पण जरा अनवट असा एकच शब्द निवडा. 'अधिष्ठान' टाकून काही मिळालं नाही, 'चळवळेचें' टाकल्यावर पहिल्या फटक्यात दासबोध आला.

त्याचंच पुढे. "सामर्थ्य आहे चळवळीचे" हे मोर्चाच्या फलकावर तुम्ही पाहिलं असेल. दासबोधात दशक विसावा, समास चौथा, ओवी सव्विसावी. शब्द 'चळवळेचें' असा आहे, आणि ओवीचा उरलेला अर्धा भाग म्हणतो की तिथे भगवंताचं अधिष्ठान हवं. अर्धी ओवी खरी असते आणि अर्थ पुरता उलटू शकतो. ओवी, अभंग, श्लोक असेल तर मागचं-पुढचं वाचल्याशिवाय छापू नका.

दुसरी अडचण नाममुद्रेची, म्हणजे रचनेच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या नावाची. शेवटी 'तुका म्हणे' जोडलं की काहीही तुकोबांचं होतं, असा आपल्याकडे समज आहे. गाथेत साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत. शासनाने १९५० मध्ये काढलेली प्रत जवळ ठेवा आणि शेवटच्या चरणसूचीत, म्हणजे चरणांच्या अकारविल्हे यादीत, पहिला चरण बघा. तिथे नसेल तर प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेला, असण्याची शक्यता धरा. 'तुकयाबंधु म्हणे' दिसलं तर ते तुकोबांचे भाऊ कान्होबा. 'विष्णुदास नामा' म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव नव्हेत, तो नंतरचा कवी, पण दोघांच्या रचनांची सरमिसळ झालेली आहे. उर्दूतही हेच घडलं. 'सरफ़रोशी की तमन्ना' पाटण्याच्या बिस्मिल अज़ीमाबादींची गझल. ती रामप्रसाद बिस्मिल यांनी गाजवली, तखल्लुस (कवीचं टोपणनाव) दोघांचं एकच, आणि गझल हुतात्म्याच्या नावावर गेली. तिच्यावर जीव ओवाळला गेला हे खरंच आहे, पण कवी दुसरा.

विवेकानंदांचं "उठा, जागे व्हा" मी त्यांच्या नावावर छापलं होतं. मूळ कठोपनिषदातलं आहे, 'उत्तिष्ठत जाग्रत'. स्वामीजींनी ते घराघरात पोचवलं. चौकटीत दोन्ही नावं सहज मावली असती.

६. सर्वांत जुनं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघा

गूगल बुक्सने साल दाखवलं म्हणून ते खरं मानू नका. नियतकालिकांच्या बाबतीत बरेचदा मालिकेचं पहिलं वर्ष दिसतं आणि आतला अंक चाळीस वर्षांनंतरचा निघतो. शीर्षकपान उघडा, अंकाची तारीख वाचा, ओळ ज्या पानावर आहे त्याचा फोटो ठेवा. सबंध पान न दिसता ओळीभोवतीचा छोटा तुकडाच दिसत असेल तर त्याच तुकड्यातले शेजारचे शब्द शोधून पुढची-मागची ओळ काढता येते. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती कधीची, हे शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत मिळतं. १८०० ते १९५० पर्यंतची पुस्तकं तिच्या दोन खंडांत आहेत. जाडजूड आहेत, वाचनालयात बसूनच बघा.

७. निकाल कसा लिहायचा

शब्द मोजून वापरा. पान सापडलं तर 'यांचे' आणि खाली पुस्तक, साल, पान. शब्द दुसऱ्याचे पण आशय त्यांचा असेल तर तसं. काहीच सापडलं नाही तर 'यांच्या नावावर प्रचलित'. 'यांनी कधीच म्हटलेलं नाही' असं लिहू नका. माणूस आयुष्यभर काय काय बोलला हे कुणाला माहीत? फार तर 'त्यांच्या उपलब्ध लेखनात नाही' म्हणा.

घरच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकायची असेल तर काकांनी पाठवलेल्या शुभ सकाळच्या खालीच टाकू नका. त्यांना वेगळा फोन करा. मी एकदा सगळ्यांसमोर टाकली होती, त्या दिवाळीत फराळाचा डबा आला नाही.

स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत मी शुद्धिपत्र चिकटवलं. लिंकनचं पत्र शोधताना चौथ्या खंडात मात्र एक खरं पत्र सापडलं होतं, २२ जुलै १८६० चं. थोरला मुलगा रॉबर्ट, त्याचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभा असलेला हा माणूस वेळ काढून त्या पोराला लिहितो की हे कळल्यावर इतकं दुःख मला क्वचितच झालं असेल, पण तू मनाशी पक्कं ठरवलंस तर तू हरूच शकत नाहीस. शाळेच्या पुढच्या वार्षिकात मलपृष्ठावर मी तेच छापलं, स्वतः अनुवाद करून, खाली खंड आणि तारीख देऊन.

बाईंचा पुन्हा फोन आला. मूळ इंग्रजी त्यांनी काढून वाचलं होतं. म्हणाल्या, पत्र खरं आहे, पण त्यात 'मस्ट' या एका शब्दावर त्याने जो जोर दिलाय, तो तुझ्या मराठीत उतरलेला नाही.